समाजमाध्यमे आणि विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान

माध्यमिक शाळेतील मुलामुलींचे वय हे स्वतःची ओळख शोधण्याचे वय होय. आपण कसे दिसतो, मित्रमंडळी आपल्याला मानतात की नाही, हे प्रश्न या वयात पूर्वीही होतेच. माणूस स्वतःची पारख बहुधा इतरांशी तुलना करून करतो, असा सिद्धान्त लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडला होता. ही तुलना पूर्वी वर्ग, आळी आणि गावची जत्रा एवढ्यापुरती असे. मोबाइलने तिचे कुंपण काढून टाकले.

फेसबुक २००४ मध्ये आणि इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले. दरम्यान २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाइक’चे बटण आले आणि पसंतीला आकडा मिळाला. मिळालेली पसंती साऱ्या वर्गाला दिसते. न मिळालेलीही तितकीच दिसते. त्यातून समोर येणारी छायाचित्रे निवडलेली आणि उजळलेली असतात. चौदा वर्षांची मुलगी आपला रोजचा चेहरा दुसरीच्या निवडक चेहऱ्याशी ताडून पाहते, तेव्हा हिशेब तिच्या विरुद्धच जावयाचा. स्वतःच्या शरीराविषयी असमाधानी असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी सुमारे एकतृतीयांश मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते असमाधान वाढल्याचे सांगितले होते. कंपनीच्याच अंतर्गत पाहणीतील हा निष्कर्ष २०२१ मध्ये उघडकीस आला.

मैत्रीचेही तसेच आहे. व्हॉट्सॲपच्या गटातून वगळले जाणे किंवा निरोप वाचूनही उत्तर न येणे ही मोठ्यांना क्षुल्लक वाटणारी गोष्ट मुलांची झोप उडविते. शाळेतले भांडण पूर्वी फाटकापाशी थांबे. आता ते अंथरुणापर्यंत येते.

तथापि सारा दोष यंत्राच्या माथी मारणे योग्य नव्हे. एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिजिटल साधनांचा वापर आणि मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध त्यांना प्रतिकूल, परंतु अत्यल्प आढळला. मुलामुलांच्या स्वास्थ्यातील फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरक त्याने स्पष्ट होतो. अर्थात सरासरीत एकटे पडलेले मूल दिसत नाही, हे शिक्षकांना सांगावयास नको.

आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. तेथे २०२२ मध्ये सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. मुले अभ्यासाला बसावीत, असा हेतू. त्यातील मर्म असे की, बंधन केवळ मुलांवर नव्हते. थोरांनीही मोबाइल बाजूला ठेवावयाचा होता. इतर ग्रामपंचायतींना असा ठराव करण्यास फारसा खर्च येणार नाही.

ज्या विद्यार्थ्याचे मन फारच खचले असेल, त्याच्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. हा क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, मुलांना कोणाला न विचारता वाचता येईल अशा जागी लिहून ठेवावा.