प्लगमध्ये लावायचं वीजमीटर कसं निवडावं?

घरातला जुना फ्रिज बिल खातो का, एवढाच प्रश्न होता. करमाडला आमच्या घरी बिल वाढलं की पहिला संशय त्याच्यावरच. "तू सायन्सवाला ना, मग मोजून सांग," म्हणून काम माझ्याकडे आलं. मी क्लॅम्प मीटर आणलं, एक्स्टेन्शनच्या वायरमधली एकच तार वेगळी काढून तिच्यातला करंट बघितला. कॉम्प्रेसर चालू असताना ०.९ अँपिअर. गुणिले २३० व्होल्ट, म्हणजे २०७ वॅट. दिवसातून साधारण १२ तास चालतो, म्हणजे रोजचे अडीच युनिट, महिन्याचे ७५. तीन आठवडे वहीत नोंदी केल्या. घरात फ्रिज विकायची बोलणीही सुरू झाली.

वही गाईडना दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "पॉवर फॅक्टर कुठंय?"

एसी सप्लायमध्ये व्होल्टेज गुणिले करंट केलं की जे मिळतं ते व्होल्ट-अँपिअर, वॅट नव्हे. मोटर असलेल्या उपकरणात करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. त्यामुळे आलेल्या ऊर्जेतला काही भाग दर सायकलला लाइनमध्ये परत जातो. घरगुती बिल खऱ्या वॅटवर, म्हणजे किलोवॅट-तासावर येतं. नंतर प्लग मीटर लावलं तेव्हा या फ्रिजचा पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास निघाला. म्हणजे खरे वॅट १२४, रोजचे दीड युनिट, महिन्याचे ४५. फ्रिज वाचला. तीन आठवड्यांची वही मात्र गेली.

म्हणून मीटर घेताना पहिली अट ही : ते व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकाच वेळी मोजून खरे वॅट काढतं का? डिस्प्लेवर पॉवर फॅक्टर दिसत असेल तर बहुतेक ते तसंच असतं. एलईडी बल्ब, टीव्ही, चार्जर यांचा करंट तर साइन वेव्हसारखाही नसतो, तिथे नुसत्या गुणाकाराने आणखी फसायला होतं.

दुसरी गोष्ट अचूकतेची. "१ टक्का अचूक" असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण कशाचा १ टक्का? रीडिंगचा असेल तर उत्तम. पूर्ण क्षमतेचा असेल तर हिशोब करून बघा. १६ अँपिअर गुणिले २३० म्हणजे ३६८० वॅट, त्याचा १ टक्का जवळपास ३७ वॅट. एवढ्या चुकीत तुमचा ९ वॅटचा बल्ब कुठल्या कुठे हरवतो. गिझर मोजायचा असेल तर हेच मीटर पुरेसं आहे, स्टँडबाय मोजायचा असेल तर बिनकामाचं. स्टँडबायसाठी रिझोल्यूशनही बघावं लागतं. मीटर ०.०१ युनिटच्या पायरीने पुढे सरकत असेल तर १ वॅट खाणाऱ्या वस्तूला एक पायरी चढायला १० तास लागतात. तासाभरात शून्य दिसलं म्हणून "वापर शून्य" असं लिहू नका. एक दिवस ठेवा, दोन दिवस ठेवा. शिवाय काही स्वस्त मीटर ठरावीक वॅटच्या खाली मोजतच नाहीत, मग कितीही दिवस ठेवून उपयोग नाही.

फ्रिजचा वापर क्षणाच्या वॅटवरून सांगता येत नाही, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. युनिटची बेरीज किमान २४ तासांची, शक्यतो आठवड्याची घ्यावी आणि शेजारी खोलीचं तापमान लिहावं. आपल्याकडचा मे आणि डिसेंबर एकाच रकान्यात टाकले तर त्यातून काहीच निघत नाही.

आता आपल्या भागाचा प्रश्न, लाइट जाण्याचा. वीज गेल्यावर मीटरमधली बेरीज टिकते का, हे दुकानात विचारून घ्या. काहींत बटन सेल असतो, काहींत मेमरी असते, काही परत शून्यापासून सुरू होतात. वायफायवाला स्मार्ट प्लग घेतलात तर राउटरही लाइटबरोबर जातो आणि परत यायला वेळ घेतो, डेटामध्ये भोकं पडतात. त्यात सगळी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ॲप फक्त रंगीत आलेख दाखवतं. कच्चा डेटा सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येतो का, हे आधी बघा. स्क्रीनशॉटवर थीसिस होत नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर मीटर कुठे लावलं ते वहीत लिहाच. इन्व्हर्टरच्या पुढे लावलं तर उपकरणाचा वापर कळतो, मागे लावलं तर बॅटरी चार्जिंगचा वापरही त्यात येतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालताना घेतलेल्या रीडिंगवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

व्होल्टेजची नोंद ठेवणारं मीटर मिळालं तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. २३० चे २०० व्होल्ट झाले की २००० वॅटचा रॉड जेमतेम १५०० वॅट घेतो, कारण हीटिंग कॉइलची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. पाणी तापायला वेळ लागतो, युनिट मात्र जवळपास तेवढेच जातात. व्होल्टेजची नोंद नसेल तर तुम्हाला वाटेल, रॉडच खराब आहे. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने नुसत्या पुरवठ्याचा दर्जा तपासायला असाच प्लगमध्ये बसणारा डबा वापरला. तो मिनिटामिनिटाचं व्होल्टेज नोंदवतो आणि मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवतो. त्या प्रकल्पाचं नाव ईएसएमआय. प्रश्न पुरवठ्याचा होता, म्हणून उपकरण व्होल्टेजचं. घरांच्या वीजवापरासाठी त्यांनी ई-मार्क हा वेगळा प्रकल्प केला. साहित्य-समीक्षा करताना दोन्ही बघा.

इंटरनेटवर किल-अ-वॉट नावाचं मीटर खूप सुचवतात. ते अमेरिकेच्या १२० व्होल्टच्या घरांसाठी आहे, इथे लावू नका. परदेशी पिनचं मीटर ॲडॉप्टर लावून गिझरवर चालवू नका. ढिल्या जोडाला करंट जास्त मिळाला की जोड तापतो, प्लास्टिक वितळतं. मोठ्या लोडसाठी १६ अँपिअरची भारतीय पिनच हवी.

मीटर आणलं की आधी ते तपासा. घरातलं बाकी सगळं बंद करून १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि महावितरणच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट छापलं असेल तर बरोबर १०० वॅटला दर ११.२५ सेकंदांनी एक लुकलुक व्हायला हवी. बल्ब नेमका १०० वॅट घेईलच असं नाही, म्हणून ५० लुकलुकींचा वेळ घ्या, त्यावरून वॅट काढा आणि प्लग मीटरशी ताडून बघा. प्लग मीटर स्वतःही थोडी वीज खातं, ती घरच्या मीटरवर दिसते, तेवढा फरक धरा. हे रीडिंग तारखेसकट वहीच्या पहिल्या पानावर लिहा. व्हायव्हाला पहिला प्रश्न कॅलिब्रेशनचाच येतो.

दुसऱ्यांच्या घरी मीटर लावणार असाल तर लेखी संमती घ्या. घर कधी रिकामं असतं ते या आकड्यांवरून सरळ कळतं.

विहिरीवरच्या थ्री-फेज मोटरचं विचारू नका, तिला प्लगच नसतो. तिथे सीटी बसवावा लागतो, आणि ते काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं.