ओव्याचा दाणा आणि त्याचे सत्त्व

मसाल्याच्या डब्यात ओव्याला हळद-मिरचीचा मान नाही. तो रोज लागत नाही आणि लागला तरी चिमूटभरच लागतो. पण पुरी, मठरी, फाफडा, खाखरा यांच्या पिठात तो तळहातावर चुरडून घातल्याशिवाय चव येत नाही. पोट फुगले की घरातील वडीलधारी माणसे तोच चावायला देतात. बाळंतिणीच्या आहारातही त्याला ठरलेले स्थान आहे. किराणा आणि मसाल्याच्या पेढ्यांवर तर तो पिढ्यान्‌पिढ्या पोत्यांनी येतो व जातो. या माणकांहूनही लहान दाण्यात नेमके असते तरी काय, आणि ज्याची किंमत मोजली जाते ते दिसत का नाही, याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले आहे. ते उत्तर गृहिणीइतकेच व्यापाऱ्याच्याही उपयोगाचे आहे.

व्यवहारात ज्याला ओव्याचे बी म्हणतात ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळ आहे. जिरे, धने, बडीशेप ही याच कुळातील भावंडे. या फळांच्या सालीत अतिसूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत बाष्पनशील, म्हणजे उडून जाणारे, तेल साठलेले असते. दाणा चुरडला की नलिका फुटतात व तेल मोकळे होते. वानगी तळहातावर चोळून हुंगण्याची बाजारातील जुनी रीत म्हणूनच अशास्त्रीय नाही. मात्र नाक ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. ‘किती’ ते सांगत नाही.

‘किती’ हे ठरवण्याची पद्धत समजायला सोपी आहे. वजन केलेला ओवा भरडून पाण्यासह काचेच्या चंबूत उकळतात. वाफेबरोबर तेल वर येते, थंड नळीत त्याचे पुन्हा द्रवात रूपांतर होते आणि पाण्याहून हलके असल्याने ते खुणा केलेल्या नळीत वर तरंगते. किती तेल निघाले ते त्या खुणांवर थेट वाचता येते. १९२८ मध्ये क्लेव्हेंजर यांनी वर्णन केलेले हे उपकरण आजही मसाल्याच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. चांगल्या ओव्यात साधारणपणे दोन ते चार टक्के तेल मिळते.

या तेलातील मुख्य घटक म्हणजे थायमॉल. त्याच्या रेणूत कार्बनचे दहा, हायड्रोजनचे चौदा आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. तेलात त्याचे प्रमाण बहुधा पस्तीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान असते. उरलेल्या भागात पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन ही द्रव्ये प्रामुख्याने आढळतात. थायमॉल वेगळे करण्याची जुनी युक्ती मोठी सुबक आहे. तेल कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घुसळले की थायमॉल त्या पाण्यात विरघळते आणि बाकीचे तेल वर राहते. ते काढून टाकून खालच्या पाण्यात आम्ल घातले की थायमॉल पुन्हा मोकळे होते व थंडाव्यात त्याचे पांढरे स्फटिक बनतात. जुन्या औषधी दुकानांत ‘ओव्याचे फूल’ म्हणून मिळणारा पदार्थ तो हाच. सुमारे पन्नास अंश सेल्सियसला ते वितळते. पुदिन्याचे फूल आणि कापूर यांच्याशी त्याची गाठ पडली तर मात्र आच न देताच तिन्ही घन पदार्थांचा द्रव होतो, कारण ते परस्परांचा वितळणबिंदू खाली आणतात. घरोघरी परिचित असलेल्या अमृतधारेचे रहस्य एवढेच. आज गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात तेलाचा एक थेंबही पुरतो आणि त्यातील प्रत्येक घटकाचे प्रमाण कागदावर उमटते.

युरोपात थायमॉल प्रथम थाइम या वनस्पतीतून मिळाले. जर्मन रसायनज्ञ कास्पर नॉयमान यांनी १७१९ मध्ये ते वेगळे केले आणि फ्रान्समधील लालमाँ यांनी १८५३ मध्ये त्याला नाव दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी अंकुशकृमीच्या विकारावर ते प्रमुख औषध ठरले. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ मध्ये सुरू झालेल्या रॉकफेलर आयोगाच्या मोहिमेतही तेच वापरले गेले. या औषधासाठी लागणारा ओवा भारतातून मोठ्या प्रमाणात जर्मनीला जाई आणि त्याचे सत्त्व तेथील कारखान्यांत निघे. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, हा मार्ग बंद झाला आणि थायमॉलचा तुटवडा पडला. तेव्हा कुठे भारतात ओव्याचे ऊर्ध्वपातन करून थायमॉल काढण्याकडे लक्ष वळले. पुढे मेटा-क्रेसॉलपासून कृत्रिम थायमॉल बनू लागले. माल एकाचा आणि सत्त्व दुसऱ्याचे, हा व्यवहार किती महाग पडतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पेढीवरचा हिशेबही याच मुद्द्याशी येतो. शंभर किलो ओव्यात दोन टक्के तेल असेल तर दोन किलो मिळेल; चार टक्के असेल तर चार किलो. पोती दिसायला सारखी, वजन सारखे. सत्त्व मात्र दुप्पट. वाण, जमीन, कापणीची वेळ आणि साठवण यांनुसार हा फरक पडतो. उघड्या पोत्यात, उष्ण गोदामात माल पडून राहिला तर तेल हळूहळू उडून जाते. कुटलेल्या पुडीतून ते अधिक वेगाने जाते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे, तेल काढून घेतलेला ओवा वाळवून चांगल्या मालात मिसळता येतो. ऊर्ध्वपातनानंतरचा चोथा गुरांच्या चाऱ्यात उपयोगी पडतो, आणि त्याच नावाने तो विकला तर त्यात काही गैर नाही. ओवा म्हणून विकला तर मात्र ती फसवणूक आहे, आणि प्रयोगशाळेतील नळी ती काही तासांत उघडी पाडते.

नावाची गफलत तर प्राणावर बेतू शकते. ‘खुरासानी ओवा’ हा ओवा नव्हेच. ती धोतऱ्याच्या कुळातील विषारी वनस्पती असून तिच्या बियांत हायोसायमीन व स्कोपोलामीन ही तीव्र द्रव्ये असतात. काष्ठौषधी विकणाऱ्या दुकानात दोन्ही असतील तर डबे वेगळे, चिठ्ठ्या ठळक आणि देणारा हात जाणता असलाच पाहिजे.

औषधी गुणांबाबतही माप सांभाळणे इष्ट. थायमॉल अनेक जिवाणूंना व बुरशींना आवर घालते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. दंतमंजनात आणि गुळण्यांच्या औषधांत त्याचा वापर होतो. पण काचेच्या बशीत जे घडते ते शरीरात तसेच घडेल असे नाही. चिमूटभर ओवा आणि ओव्याचे फूल यांत तर मोठे अंतर आहे. हे स्फटिक त्वचेला व आतड्याला दाहक ठरतात. लहान मुले आणि गर्भवती यांना ते वैद्यांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. पोटदुखी थांबत नसेल तर ओव्यावर विसंबून वेळ दवडणेही योग्य नाही.

घरासाठी नियम साधे आहेत. ओवा अख्खा घ्यावा, बेताने घ्यावा, घट्ट झाकणाच्या बरणीत उन्हापासून दूर ठेवावा आणि वापरताना चुरडावा. चुरडल्यावरही वास मंद येत असेल तर तो दाणा केवळ नावाचा ओवा उरला आहे. पेढीसाठी नियम एकच आहे. राजस्थान-गुजरातच्या बाजारांतून येणाऱ्या मोठ्या खरेदीची वानगी तपासून घ्यावी आणि तेलाचे प्रमाण ग्राहकाला विचारण्यापूर्वीच सांगावे. वजनाचा काटा चोख ठेवणाऱ्या पेढीची पत पूर्वीपासून मोठी असते. आता सत्त्वाचा काटाही तितकाच चोख ठेवण्याची सोय झाली आहे.