सपाट पाय आणि बुटातला आधार

यंत्रमागावरची पाळी म्हणजे कडक फरशीवर तासन्‌तास उभे राहणे. बऱ्हाणपुरात अशी पाळी करणारी माणसे घरोघरी आहेत. संध्याकाळी टाचा, घोटे आणि पोटऱ्या ठणकू लागल्या की 'उभ्याचे काम आहे, पाय दुखणारच' असे म्हणून तेल चोळले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. पण काही जणांच्या दुखण्याचे मूळ तळव्याच्या घडणीतच असते. त्याला आपण सपाट पाय म्हणतो. कन्नड बोलणाऱ्या घरांत 'चप्पटे पाद'.

ओळखायचे कसे?

ओला पाय कोरड्या फरशीवर ठेवून पाहा. तळव्याला कमान असेल तर ठसा आतल्या बाजूने खोलगट दिसतो. कमान नसेल तर सगळा तळवा उमटतो. मग चवड्यांवर उभे राहा. त्या वेळी कमान दिसू लागली तर पाय लवचीक आहे, फारशी काळजी नको. तरीही ती दिसत नसेल, तर पाय ताठर आहे, डॉक्टरांना दाखवावे.

मुलांचे काय?

लहान मुलांचे पाय सपाटच दिसतात. कमान साधारण दहा वर्षांपर्यंत हळूहळू घडत जाते. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजातील राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 2300 मुलांच्या पायांचे ठसे तपासून 1992 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण 8.6 टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8 टक्के आढळले. त्यातही पुढून बंद असलेल्या बुटांत ते अधिक होते. म्हणजे अंगणात, मातीत अनवाणी खेळणारे मूल पाय बिघडवत नाही. मुलाचे पाय दुखत नसतील तर महागडे बूट आणि पट्ट्या घेऊ नयेत. त्यांनी कमान तयार होते असे दिसून आलेले नाही.

पट्टी काय करते?

कमान खचली की घोटा आत कलतो, पोटरीकडून येणाऱ्या स्नायुबंधावर ताण पडतो आणि पुढे गुडघाही कुरकुरतो. बुटात बसवायची आधारपट्टी, म्हणजे ऑर्थोटिक, कमानीखाली उंचवटा देते आणि टाच वाटीसारख्या खोबणीत सरळ धरते. चष्म्याने डोळा बदलत नाही, पण दिसते. तसेच हे आहे. पट्टी घातली आहे तोवर ताण कमी होतो, पाय मात्र तोच राहतो. सर्वांना सारखा गुण येतो असेही नाही. साध्या दुखण्यात आधी तयार पट्टी वापरून पाहावी. तिने भागले नाही तर पायाचा साचा घेऊन करून घ्यावी. मुंबईत हाजी अली येथील केंद्र सरकारच्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत हे काम होते. पट्टी करणारा पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेला असावा.

आपली खरी अडचण चपलेची आहे. उघड्या चपलेत पट्टी टिकत नाही. मागे पट्टा असलेली सँडल किंवा नाडीचा बूट हवा, आणि बुटातला मूळ तळ काढून मगच पट्टी घालावी. पहिल्या दिवशी तास-दोन तास, मग रोज थोडे वाढवत जावे. पाय सोलवटला किंवा फोड आला तर पट्टी दुरुस्त करून घ्यावी. जोडीला व्यायाम हवाच: भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणणे, टाचा उचलणे, बोटांनी फरशीवरचा टॉवेल गोळा करणे.

केव्हा थांबू नये?

मोठेपणी एकच पाय सपाट होऊ लागला, घोट्याच्या आत सूज आली, एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर दुकानातून पट्टी आणून दिवस काढू नयेत. स्नायुबंध निकामी होत असू शकतो. मधुमेह असून पायांना बधिरपणा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही पट्टी घालू नये. टोचलेले कळत नाही आणि जखम चिघळते.

ज्याच्या पायांवर घर चालते, त्याचे दुखणे 'वयाचे' किंवा 'कामाचे' म्हणून सोडून देणे घराला परवडत नाही. ओल्या पायाच्या ठशाला खर्च काहीच येत नाही. आज घरातल्या सगळ्यांचे ठसे एकदा पाहून घ्या.