तापत्या समुद्रात अपुऱ्या दिवसांची पिल्ले

शार्क म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो चित्रपटातला उघडा जबडा आणि पाण्यावरून सरकणारा त्रिकोणी पर. कोकणच्या मासळीबाजारात टोपलीत येणारी मुशी हीसुद्धा शार्कच, हे मात्र अनेकांच्या ध्यानात नसते. जगात शार्कच्या ५०० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या कितीतरी लहानखुऱ्या, लाजऱ्या आणि माणसाला अगदी निरुपद्रवी आहेत.

अशीच एक जात ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत राहते. तिथे ग्रेट बॅरियर रीफ नावाची सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची प्रवाळांची रांग आहे. या शार्कच्या खांद्यापाशी लष्करी अधिकाऱ्याच्या बिल्ल्यासारखा मोठा काळा ठिपका असतो, म्हणून त्याचे नाव एपॉलेट शार्क. लांबी जेमतेम मीटरभर, पण चिवटपणा असा की थक्क व्हावे. ओहोटी लागली की तो प्रवाळांमधल्या उथळ डबक्यात अडकतो. रात्री त्या डबक्यातला प्राणवायू संपत येतो आणि इतर माशांचा जीव गुदमरू लागतो. हा मात्र हृदयाची गती मंद करतो, मेंदूचे काही काम तात्पुरते थांबवतो आणि तग धरून राहतो. अगदीच नाइलाज झाला तर परांचे पाय करून चक्क चालत शेजारच्या डबक्यात जातो!

एवढा काटक प्राणी पाणी थोडे तापल्याने डगमगणार नाही, असे कुणालाही वाटेल.

ऊब जास्त, बलक कमी

कॅरोलिन व्हीलर, जोडी रमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शार्कची २७ अंडी अमेरिकेतील बोस्टन शहराच्या मत्स्यालयात वाढवली. पाण्याचे तापमान तीन प्रकारचे ठेवले होते. काही अंडी २७ अंश सेल्सियसला, म्हणजे त्याच्या घरच्या उन्हाळ्यातल्या नेहमीच्या तापमानाला, काही २९ अंशांना आणि काही ३१ अंशांना. निष्कर्ष जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

शार्कची आई कोंबडीसारखी अंड्यांवर बसत नाही. चामड्यासारख्या तपकिरी कवचातली अंडी घातली की तिचे काम संपले. पुढचे चार महिने आतल्या जिवाला बलकाच्या शिदोरीवरच काढायचे असतात. शेपटी हलवून तो कवचाच्या फटींतून ताजे पाणी आत खेचतो आणि श्वास घेतो. शार्कचे शरीर आपल्यासारखे स्वतःची ऊब राखत नाही. पाणी तापले की बहुतेक शार्कचे अंगही तापते, भूक वाढते, प्राणवायूची गरज वाढते. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो.

३१ अंशांच्या पाण्यात नेमके तेच घडले. शिदोरी भराभर संपली. २७ अंशांना जी पिल्ले सुमारे १२५ दिवसांनी बाहेर आली असती, ती १०० दिवसांतच बाहेर पडली. आकाराने लहान, अंगात त्राण नाही आणि जन्मताच भुकेली. आपल्या घरात अपुऱ्या दिवसांचे बाळ आले तर सारे घर त्याच्याभोवती असते, रुग्णालयात काचेची पेटी असते. या पिल्लाला पहिल्या दिवसापासून शिकार स्वतः करायची आणि मोठ्या माशांपासून जीवही स्वतःच वाचवायचा.

युरोपच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या एका ठिपकेदार छोट्या शार्कवर फ्रान्समध्ये असाच प्रयोग झाला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रदूषणाला आळा बसला नाही तर शतकाच्या अखेरीस समुद्र जेवढा तापेल आणि आम्ल होईल, तसे पाणी तयार केले. साधारण दहा अंड्यांपैकी एकच फुटले. तापमानवाढ मध्यम ठेवलेल्या पाण्यात मात्र बहुतेक अंड्यांतून पिल्ले सुखरूप बाहेर आली. म्हणजे समुद्र किती तापतो यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. आज शार्कचा पहिला शत्रू तापमान नव्हे, जाळे आहे. खुल्या समुद्रातील शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७० टक्क्यांहून अधिक घटली, ती प्रामुख्याने बेसुमार मासेमारीमुळे. पांढऱ्या शार्कची मादी सुमारे ३३ वर्षांची झाल्यावर कुठे आई होते. इतक्या संथ वंशवेलीला उष्णतेचा नवा फटका कसा सोसावा?

ज्यांना पळता येते ते पळतात

मोठे शार्क मुक्काम हलवू लागले आहेत. २०१४ साली प्रशांत महासागरात उष्णतेची लाट आली, तेव्हापासून पांढऱ्या शार्कची पिल्ले कॅलिफोर्नियात पूर्वीपेक्षा कितीतरी उत्तरेला, मॉन्टेरे खाडीत दिसू लागली. त्या भागात समुद्री ऊदमांजरांना शार्कने चावे घेण्याचे प्रकारही वाढले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर टायगर शार्क उष्ण वर्षांत अधिक लवकर आणि अधिक उत्तरेला जातात. त्यामुळे ज्या हद्दीत त्यांना मासेमारीपासून संरक्षण आहे, ती मागे राहते. नकाशावरची रेघ काही त्यांच्यामागून सरकत नाही.

एपॉलेटला ही वाट नाही. तो खोल समुद्र ओलांडणारा पोहणारा नव्हे. त्याचे सारे आयुष्य उथळ प्रवाळांत जाते आणि त्याची अंडी तर घातली त्या जागेवरच राहतात. तिथले प्रवाळ २०१६ ते २०२४ या काळात उष्णतेने पाच वेळा मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. मादी अंडी घालते ती वर्षाच्या उत्तरार्धात. ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे बलक संपत येतो, तेव्हाच तिथले पाणी सर्वांत तापलेले असते.