शाळेचे अंतर : नकाशावरील व प्रत्यक्षातील



फळ्यावर गावाचा नकाशा काढून त्यात देऊळ, विहीर व शाळा दाखविण्याचा पाठ आपण सर्वांनीच घेतला आहे. डिजिटल नकाशा हा त्याच पाठाचा पुढील भाग होय. प्रत्येक स्थळ अक्षांश व रेखांश ह्या दोन आकड्यांनी नोंदले जाते. शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र, वस्त्या, रस्ते व ओढे हे सर्व एकाच चित्रात एकावर एक ठेवून पाहता येतात. आपला हजेरीपट, अंगणवाडीची नोंदवही व उपकेंद्राची लसीकरणाची यादी ह्या निरनिराळ्या कपाटांत असतात. त्यांतून मुले किती हे कळते. परंतु सोय कोठे पोहोचली नाही, हे नकाशावरच चटकन दिसते.

ही रीत जुनी आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू घडलेली घरे नकाशावर मांडली. ती ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेली आढळली.

आपल्या राज्याच्या शिक्षणहक्क नियमांप्रमाणे इयत्ता पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत, व सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ३ किलोमीटरच्या आत असावयास हवी. संगणक मात्र हे अंतर पुष्कळदा सरळ रेषेत मोजतो. २०२३ साली एका वस्तीविषयी ‘शाळा ८०० मीटरवर, सोय पुरेशी’ असा शेरा मी स्वतः नकाशा पाहून दिला. पावसाळ्यात त्या वस्तीची चार मुले शाळेत येईनाशी झाली. गुरुजींबरोबर चालत गेलो, तेव्हा उमगले की मध्ये ओढा आहे, आणि त्याला पाणी आले की पुलावरून साडेतीन किलोमीटरांचा वळसा पडतो. चुकीच्या शेऱ्याखाली सही माझीच होती. शाळा दूर असल्यास मुलांच्या वाहतुकीची व्यवस्था करण्याची तरतूद नियमांत आहे. परंतु खरे अंतर नोंदल्यावाचून तिचा लाभ त्या मुलांस कसा मिळावा?

म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे, ही विनंती.

१. शाळेचे स्थान घरी बसून नोंदवू नये. शाळेच्या फाटकाशी, उघड्या आकाशाखाली थोडा वेळ थांबून नोंदवावे. छपराखाली वा दाट झाडीत मोबाईल चुकीचे स्थान दाखवू शकतो.

२. आकड्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. महाराष्ट्राचे अक्षांश सुमारे १५.६ ते २२.१, तर रेखांश सुमारे ७२.६ ते ८०.९ आहेत. ते उलट लिहिल्यास आपली शाळा उत्तर ध्रुवाकडील समुद्रात जाऊन पडते!

३. प्रत्येक वस्तीपासूनची पायवाट मुलांबरोबर एकदा चालून पाहावी. पावसाळ्यात बंद पडणारी वाट निराळी दाखवावी.

४. ऊसतोडीचे तळ व वीटभट्ट्या हंगामी असल्या तरी तेथे मुले असतात. त्यांची जागा दर हंगामात अंगणवाडीताईंच्या साहाय्याने नव्याने नोंदवावी. गावाहून गेलेल्या कुटुंबांची मुले कोठे गेली, हेही विचारून ठेवावे.

५. सर्वांस दिसणाऱ्या नकाशावर कोणत्याही मुलाचे नाव, घर, आजार वा अपंगत्व दाखवू नये. तेथे वस्तीनिहाय संख्या पुरे. आणि वस्तीत एकदोनच मुले असतील, तर त्या संख्येवरूनही मूल ओळखू येते, हे ध्यानात ठेवावे.

उपग्रहास ओढा दिसतो. त्या ओढ्यामुळे कोणते मूल घरी राहते, हे आपणांसच ठाऊक असते. ती माहिती नकाशावर येईल तरच वरिष्ठ कार्यालयास योग्य निर्णय घेता येईल. आपापल्या शाळेच्या परिसरातील वाटांची ही पाहणी पहिल्या पावसापूर्वी पुरी करावी व नकाशात आढळलेली प्रत्येक चूक, ती माझी असली तरी, निःसंकोचपणे कळवावी.