गाडी बनली, पण पीथमपूरला न्यायची कशी?



आपली पोरं इंजिनिअरिंगला गेली आणि ‘बाहा’ हा शब्द घरात आला. २००७ साली इंदूरजवळच्या पीथमपूरला सुरू झालेली ही विद्यार्थ्यांची स्पर्धा. खाचखळग्यांतून पळणारी एकआसनी गाडी पोरांनी स्वतः बनवायची. शेवटी चार तासांची शर्यत. मुलं वर्गणी मागायला येतात तेव्हा पाइप, टायर, वेल्डिंग सगळं पै-पैनिशी लिहिलेलं असतं. प्रवासापुढं मात्र ‘किरकोळ’! फडातला ऊस काट्यावर आल्याशिवाय टनेज धरत नाही, हे आम्ही त्यांना दरवेळी सांगतो.

कोल्हापूर ते पीथमपूर सुमारे ८०० किलोमीटर. टेम्पो जाऊन-येऊन १६००. लिटरला ८ किलोमीटर धरले तर २०० लिटर डिझेल. वर टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता. खरी मेख खोळंब्यात आहे. स्पर्धा संपेपर्यंत टेम्पो तिथंच उभा, आणि उभ्या टेम्पोचंही भाडं चढतं. (गव्हाणीपुढं रांगेत थांबणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) म्हणून खोळंब्याचा दर आधीच कागदावर घ्यावा.

सगळ्या चमूनं जायलाच पाहिजे असं नाही. पाना हातात धरणारे दहा-बारा पुरेत. त्यांनी पुणे-इंदूर रेल्वेचं आरक्षण उघडताच जाता-येताचं तिकीट काढावं.

आणखी एक. स्पर्धा बहुधा जानेवारीच्या सुमारास, म्हणजे ऐन गळीत हंगामात येते. तेव्हा गावातली वाहनं ऊस वाहतुकीच्या करारात गुंतलेली असतात. टेम्पोचं बोलणं दसऱ्यालाच उरकावं.