मागेल त्याला वैमानिक

ड्रोन हवेत एका जागी उभा दिसतो, तेव्हा आत प्रचंड धावपळ चालू असते. फ्लाइट कंट्रोलरवरचं फर्मवेअर सेकंदाला सुमारे 400 वेळा त्याचा कल तपासतं आणि प्रत्येक मोटरचा वेग कमीजास्त करतं. मुक्त फर्मवेअरांमध्ये आर्डुपायलट हे जुनंजाणतं नाव.

2007 साली 'वायर्ड' मासिकाचे संपादक ख्रिस अँडरसन मुलांसोबत लेगोचा संच वापरून स्वयंचलित विमान करू पाहत होते. त्याच सुमारास जॉर्डी म्यून्योझ हा मेक्सिकोतून आलेला तरुण कॅलिफोर्नियात ग्रीन कार्डाची वाट पाहत, व्हिडिओ गेमच्या रिमोटमधल्या सेन्सरने खेळण्यातलं हेलिकॉप्टर सावरत होता. ओळख इंटरनेटवर झाली आणि 2009 मध्ये दोघांनी थ्रीडी रोबोटिक्स ही कंपनी काढली. त्यांच्या आर्डुपायलटच्या सुरुवातीच्या बोर्डाची युक्ती तर लाजवाब. आकाश थंड, जमीन ऊबदार. इन्फ्रारेड सेन्सरने हा फरक मोजायचा आणि विमान कुठे कललंय ते ओळखायचं.

आता सेन्सर पुष्कळ झालेत, पण एकही पूर्ण भरवशाचा नाही. जायरो झटपट सांगतो, पण हळूहळू भरकटतो. अ‍ॅक्सेलरोमीटर मोटरींच्या थरथरीने गोंधळतो. जीपीएस उशिरा बोलतं. होकायंत्राला शेजारच्या तारांतली वीज फसवते. कोणाचं कधी किती ऐकायचं, हे कालमन फिल्टर ही गणिती रीत ठरवते. आर्डुपायलटमधल्या या फिल्टरवर ऑस्ट्रेलियाच्या पॉल रिझबरो यांचं काम मोठं आहे.

रेडिओचा संपर्क तुटला की कॉप्टर सहसा आपणहून घरी फिरतो. मूळ सेटिंगमध्ये त्यासाठी तो किमान 15 मीटर उंची गाठतो. आपल्याकडचे जुने माड त्याहून उंच असतात; उडवण्याआधी हा आकडा बदलाच.

'सांबा' या फाइल-देवाणघेवाणीच्या मुक्त सॉफ्टवेअरचे कर्ते अँड्र्यू ट्रिजेल आर्डुपायलटच्या प्रकल्पात रमले. त्यांच्या कॅनबेरा यूएव्ही संघाने 2014 मध्ये क्वीन्सलँडमधली स्पर्धा जिंकली. वाट चुकलेल्या 'जो' नावाच्या पुतळ्याला विमानातून शोधून पाण्याची बाटली टाकायची होती.

जून 2025 मध्ये युक्रेनने ट्रकांत लपवलेले ड्रोन सोडून रशियाच्या विमानतळांवरची बॉम्बर विमानं जाळली. त्या ड्रोनांतही आर्डुपायलटच होतं, अशा बातम्या आल्या. शस्त्रांसाठी जाणूनबुजून मदत करणार नाही, असं या प्रकल्पाच्या विकसकांची आचारसंहिता सांगते. पण ती बांधते विकसकांना. आर्डुपायलटच्या जीपीएल परवान्यात वापरणाऱ्याच्या हेतूवर बंधन नाही. फर्मवेअर बदलून विकलंत तर गिऱ्हाइकाला कोड द्या, एवढीच त्याची मुख्य अट. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिकमध्ये जन्मलेल्या पीएक्सफोर या दुसऱ्या मुक्त फर्मवेअरचा बीएसडी परवाना तेवढंही मागत नाही.

हा धोका मान्य करूनही मी बंद पेटीपेक्षा हेच निवडेन. ड्रोन पडला तर लॉग आणि कोड दोन्ही समोर ठेवून कारण शोधता येतं.